पाणी-कचेरीची पंगत

एका शहरात एक कचेरी होती आणि त्या कचेरीचं काम एकच होतं, पाणी.

शहर उंच माळावर वसलेलं. जवळ नदी नाही, तळं नाही. तरी चौकाचौकात दगडी कारंजी होती आणि त्यांतून बारमाही पाणी वाहायचं. कारंज्यांची डागडुजी करायची, कोणत्या गल्लीला केव्हा पाणी सोडायचं ते ठरवायचं, पाण्यावरून होणारी भांडणं मिटवायची, हे सगळं पाणी-कचेरी बघायची.

त्या कचेरीची मुख्य कारभारीण होती सगुणाबाई. कामाला कडक, पण मनानं मोकळी. तिच्या हाताखाली एक दप्तरदार होते, काही कारकून होते, आणि गाळ काढणारी, कारंजी घासणारी बरीच माणसं होती.

दर वर्षी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कचेरीला सुट्टी असायची. त्या दिवशी कचेरीच्या अंगणात मेजवानी व्हायची. त्या वर्षी खुद्द सुभेदार जेवायला येणार होते. ते खूश झाले तर सगुणाबाईला राजधानीत मोठी जागा मिळेल, असं सगळेच बोलत होते. सगुणाबाईच्या कानावरही ते आलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलंही होतं.

कोणाला बोलवायचं ते ठरवायला मंडळी बसली.

दप्तरदार म्हणाले, "सुभेदारांबरोबर त्यांची माणसं येणार. मग नगरशेठना बोलवायलाच हवं. नगरशेठना बोलावलं की त्यांच्या व्याह्यांना वगळता येत नाही. व्याही रुसले तर वर्षभर ऐकावं लागेल."

"मग अंगणात जागा पुरेल का?" सगुणाबाईनं विचारलं.

"नाही पुरणार. म्हणून मी म्हणतो, गाळ काढणारे आणि कारंजी घासणाऱ्या बायका, यांना यंदा घरीच पुरणपोळ्या पाठवून देऊ. तेही खूश, आपणही मोकळे."

सगुणाबाईला ते पटेना. ती म्हणाली, "म्हणजे ज्यांच्या हातून पाणी येतं ते घरी, आणि नुसतं पाणी पिणारे पंगतीला? दप्तरदार, आपण उलटं करू. पाणी निघतं तिथून सुरुवात करू. वाटेत ज्याचा ज्याचा हात त्याला लागतो, त्या सगळ्यांना बोलावू. मग जागा उरली तर नगरशेठचे व्याही. सांगा बरं, अगदी वरच्या टोकाला कोण आहे?"

दप्तरदार कारकुनांकडे बघू लागले. कारकून एकमेकांकडे.

एक कारकून हसत म्हणाला, "वरच्या टोकाला डोंगर आहे, बाई. डोंगराला आमंत्रण द्यायचं का?"

सगळे खो खो हसले. सगुणाबाईही हसली. पण हसता हसता ती मध्येच थांबली. वरच्या टोकाला कोण आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. पाणी कुठून येतं, हे पाणी-कचेरीत कोणालाच ठाऊक नव्हतं! ते येत होतं, एवढंच सगळ्यांना पुरेसं होतं.

"मी जाऊन बघून येते," ती म्हणाली. "कोणी भेटलंच तर बोलावणंही करून येते. अक्षता बांधून द्या. आणि दप्तरदार, तुम्ही माझ्याबरोबर चला."

दप्तरदारांचा चेहरा पडला. पण कारभारीणबाईला नाही कोण म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बैलगाडीतून निघाली. शहराबाहेर पाण्याचा पाट जमिनीखाली जात होता. माळावर ठिकठिकाणी चुन्याचे छोटे बुरूज उभे होते. ते इथं कशासाठी बांधलेत, असा प्रश्न सगुणाबाईला आजवर कधी पडला नव्हता. एका बुरुजाशी तिनं गाडी थांबवली, खाली उतरली आणि बुरुजाच्या भोकाला कान लावला. आत खोलवर पाणी चाललं होतं. त्याचा आवाज एखाद्या माणसानं स्वतःशीच गुणगुणत वाट चालावी तसा होता.

"ऐका," ती म्हणाली.

दप्तरदारांनी नाइलाजानं कान लावला. मग बराच वेळ त्यांनी तो काढलाच नाही.

बुरुजामागून बुरूज करत गाडी डोंगराच्या पायथ्याशी आली. तिथून पुढं पायवाट. पाट आता जमिनीवर आला होता आणि सरळ कड्याच्या अंगाला चिकटून वर चढत होता. एका बाजूला उभा काळा कातळ, दुसऱ्या बाजूला खाली बघवणार नाही अशी दरी, आणि मधे त्या कातळातच कोरून काढलेली हातभर रुंदीची वाट पाण्यासाठी. कातळावर छिन्नीचे घाव होते. एकाशेजारी एक, जवळजवळ, नजर पोचेल तिथवर.

सगुणाबाई एका घावावर बोट ठेवून उभी राहिली. तो घाव घालणारा माणूस कधी जगला, कोणाचा कोण होता, कोणालाच माहीत नाही. कड्यावर दोरानं लोंबकळत त्यानं तो घातला असणार. आणि असे किती!

"बाई, हे कोणत्या राजानं केलं असेल?" दप्तरदारांनी हळू आवाजात विचारलं.

"राजानं हुकूम केला असेल," सगुणाबाई म्हणाली, "पण घाव त्या माणसांचे आहेत."

ऊन कलायला लागलं तेव्हा कडा संपला आणि समोर एक लहानशी वाडी दिसली. कुडाची, गवतानं शाकारलेली मोजकीच घरं. त्यांच्या मागे डोंगराला एक मोठी कपार होती आणि त्या कपारीतून पाणी बाहेर पडत होतं. नितळ, थंडगार आणि केवढं तरी! आतून कोणीतरी अखंड ओतत असावं तसं ते येत होतं. वर उंबराची दाट सावली. आजूबाजूचा दगड झाडून, पुसून लख्ख केलेला. जिच्यावर आपलं सगळं शहर उभं आहे, ती जागा ही!

तेवढ्यात दरीच्या बाजूनं काही बायका वर आल्या. त्यांच्या डोक्यावर हंडे होते. चढ चढून त्यांना धाप लागली होती. पुढच्या बाईच्या हंड्यातलं पाणी हिंदकळलं तेव्हा सगुणाबाईला दिसलं, पाणी गढूळ होतं.

तिला काही कळेना. तिनं त्या बाईला विचारलं, "अगं बाई, दाराशी एवढं पाणी वाहतंय आणि तुम्ही खालून दरीतून का आणता?"

बाईनं हंडा उतरवला. पदरानं तोंड पुसलं. तिचं नाव हौसा. ती म्हणाली, "त्ये आमचं न्हाई. त्ये पाव्हण्यांचं हाय."

"कोण पाहुणे?"

"खाली कुठंतरी लांब ऱ्हात्यात म्हनं. आमी काय बघितलं न्हाईत कधी."

सगुणाबाई तिथंच खाली बसली.

नवखी माणसं आलेली बघून वाडी गोळा झाली. दोघाजणांनी एका अगदी म्हाताऱ्या बाईला हाताला धरून आणलं. ती ठकूआजी, वाडीतली सगळ्यांत वडीलधारी. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं. तिनं सगुणाबाईच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "बाय, तू खालनं आलीस?"

"हो आजी. शहरातून."

"मंग मला एक सांग. पाणी पोचतं का?"

"काय म्हणालात?"

"आमी सोडतो त्ये पाणी. माझ्या आजीनं सोडलं, सासूनं सोडलं, मी सोडलं. पोचतं का गं तुमच्यापातूर?"

सगुणाबाई म्हणाली, "पोचतं, आजी. रोज पोचतं. चौकाचौकात कारंजी आहेत. पोरं त्यांत खेळतात. गुरं पितात. घरोघरी त्याच पाण्यात अन्न शिजतं. आमच्या गावात जन्मलेलं प्रत्येक मूल पहिला घोट तुमच्या पाण्याचा घेतं."

म्हातारीनं डोळे मिटून घेतले. "पोरंबी हाईत," ती स्वतःशीच म्हणाली. "लई बरं झालं."

मग तिनं सांगितलं. फार पूर्वी मोठा दुष्काळ पडला होता. खालची माणसं तहानलेली लेकरं खांद्यावर घेऊन डोंगर चढून आली. वाडीच्या वडिलांनी त्यांना पाणी पाजलं आणि शब्द दिला: हा झरा तुम्ही न्या, आम्हाला आमच्या विहिरी पुरतील. दोन्हीकडच्या माणसांनी मिळून कडा कोरला. पहिली काही वर्षं खालची माणसं भेटायला यायची. मग यायची थांबली. वाडीनं दिलेला शब्द मात्र तसाच राहिला.

हौसा इतका वेळ ऐकत उभी होती. आता ती पुढं आली. "आजी, तू गोड बोलून ऱ्हा. मी खरं सांगते. बाई, औंदा आमच्या विहिरी आटल्या. दरीतल्या डबक्यावर वाडी जगते. माझी जाऊ हंड्यासकट घसरली, पाय मोडून पडलीय घरात. आमी ठरवलंय. पाडव्याला झरा वळवायचा. चर खणून ठेवलाय त्यो बघा. नुसता मधला बांध फोडायचा ऱ्हायलाय. इतक्या पिढ्या कोण आलं न्हाई, म्हंजे तिकडं कोण नसंलच, असं आमी धरून चाललो."

कपारीच्या बाजूनं खरंच एक नवा चर वाडीच्या शेताकडं गेला होता. त्याच्या तोंडाशी मातीचा एक छोटा बांध तेवढा उरला होता. तो फुटला की शहराची सगळी कारंजी कोरडी पडणार होती.

दप्तरदारांना घाम फुटला. सगुणाबाईच्या कानाशी लागून ते म्हणाले, "बाई, हे सरकारी पाणी आहे असं ठणकावून सांगा. मी असाच खाली जातो आणि सुभेदारांकडून शिपाई घेऊन येतो. बांधाला हात लावायची कोणाची छाती होते बघू."

सगुणाबाईनं झऱ्याकडं पाहिलं. मग त्या गढूळ हंड्याकडं पाहिलं. शिपाई आणणं सोपं होतं. सुभेदारांनी शाबासकीही दिली असती. शहर तिचं होतं, पाण्याची जबाबदारी तिची होती.

मग तिनं पदराची गाठ सोडली, अक्षता काढल्या आणि ठकूआजीच्या ओंजळीत ठेवल्या.

"आजी, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कचेरीची मेजवानी आहे. कोणाला बोलवायचं ते ठरवत होतो, तेव्हा तुम्ही आम्हाला ठाऊकच नव्हतात. मी तुम्हाला आमच्या पंगतीला बोलवायला आले. इथं येऊन कळलं, इतकी वर्षं आम्हीच तुमच्या पंगतीत बसलो होतो आणि कधी वर मान करून वाढणाऱ्याकडं बघितलं नाही. सगळ्या वाडीनं यावं."

नंतर ती हौसाकडं वळली. "आणि पाडव्यापर्यंत कशाला थांबता? झरा तुमचा आहे. बांध आत्ताच फोडा. आधी तुमचे हंडे भरू द्यात."

"बाई!" दप्तरदार ओरडलेच. "शहर काय पिणार?"

"ते मी शहराला सांगेन. इथं तहानलेल्या माणसांसमोर उभं राहून मला दुसरं काही बोलता येणार नाही."

हौसा तिच्याकडं बघतच राहिली. "तुमी आमाला अडवनार न्हाई?"

"नाही. मी पाणी मागायला आलेच नव्हते. बोलवायला आले होते."

कोणीतरी कुदळ आणली. हौसानं ती हातात घेतली, बांधापाशी गेली आणि थांबली. तिनं एकदा म्हातारीकडं बघितलं, मग खाली, जिथं डोंगर उतरून माळ सुरू होत होता तिकडं. "पोरं खेळत्यात म्हनाला न्हवं तुमी? कारंज्यात?"

"हो."

हौसानं कुदळ उचलली. पण तिनं बांध पुरता फोडला नाही, एका बाजूनं कापला. पाणी दुभंगलं. अर्धं वाडीच्या चरात शिरलं आणि अर्धं आपल्या जुन्या वाटेनं कड्याकडं निघालं. वाडीतल्या बायका चराच्या कडेनं पाण्याबरोबर पळत सुटल्या. कोणी हसत होत्या, कोणी रडत होत्या. झऱ्याचं पाणी घरच्या मडक्यात पहिल्यांदाच पडत होतं. दप्तरदारांनी डोक्यावरची पगडी काढली आणि हातात धरून ते नुसते उभे राहिले. शिपायांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

सगुणाबाई शहरात परतली तेव्हा कारंज्यांची धार बारीक झाली होती. घडलेलं सगळं तिनं सुभेदारांना सांगितलं, तसा त्यांचा पारा चढला.

"शहराचं पाणी तुम्ही वाटून आलात?" ते कडाडले. "आणि त्या डोंगरातल्या माणसांना माझ्या पंक्तीला बसवणार? ते येणार असतील तर मी येणार नाही. राजधानीतल्या जागेचंही विसरा."

सगुणाबाई म्हणाली, "तुमचं पान मी मांडून ठेवीन, सुभेदारसाहेब. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण त्यांचं आमंत्रण मी मागं घेणार नाही."

त्या संध्याकाळपासून ती चौकाचौकात उभी राहिली आणि तिनं लोकांना सगळं सांगितलं. कडा, छिन्नीचे घाव, गढूळ हंडे आणि म्हातारीनं विचारलेला प्रश्न. दप्तरदारही तिच्याबरोबर होते. काही लोक चिडले, "आम्हाला कमी पाणी का?" म्हणाले. पण बरेचसे खाली मान घालून घरी गेले. शहरात मेजवानीची गोष्ट पसरली आणि मग कचेरीच्या अंगणाचा विषयच संपला. जो तो म्हणू लागला, आमच्या घरूनही काहीतरी आणतो. नगरशेठच्या व्याह्यांनी श्रीखंडाचं पातेलं पाठवलं, आपल्याला बोलावलंय की नाही हे न विचारता.

मेजवानीच्या दिवशी मोठ्या चौकात, मोठ्या कारंज्याभोवती पत्रावळी मांडल्या. गाळ काढणारे होते, कारंजी घासणाऱ्या बायका होत्या, कारकून होते, गल्लीगल्लीतली माणसं होती. सुभेदारांच्या पाटाभोवती रांगोळी होती. ते मात्र आले नाहीत.

उन्हं वर आली आणि वेशीतून वाडीची माणसं आत आली. झऱ्यापाशी थांबायला काहीजण मागं राहिले होते, बाकी सगळे आले होते. पुढं डोलीत ठकूआजी, शेजारी हौसा. एवढी माणसं, एवढी घरं त्यांनी कधी पाहिली नव्हती. आणि शहरातल्या लोकांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चौकात कोणी न सांगताच सगळे उठून उभे राहिले. कारंज्याचा तेवढा आवाज.

रिवाजाप्रमाणे सगुणाबाईनं कारंज्यातून तांब्या भरला आणि पाहुण्यांचे पाय धुवायला ती डोलीसमोर बसली. तिनं तांब्या कलता केला, तशी म्हातारीनं चटकन पाय मागं ओढले.

"नको गं बाय," ती म्हणाली. "ह्यो लेकरांच्या तोंडी जायचा घोट. ह्यात आमी पाय घालत न्हाई."

ती काही दटावून बोलली नव्हती. घरातल्या लहान मुलाला सांगावं तसं तिनं सांगितलं. पण ते शब्द चौकात सगळ्यांना ऐकू गेले. त्याच पाण्यानं शहर रोज घोडे धुवायचं, अंगणं शिंपायचं, रात्रभर ते गटारात सोडून द्यायचं. माणसं उभ्या जागी शरमली. आणि शरमेहून मोठं काहीतरी त्यांच्या मनात दाटून आलं. एवढा मोठा मान त्यांच्या पाण्याला आजवर कोणी दिलेला त्यांनी पाहिला नव्हता. पाठीमागं उभ्या असलेल्या एका गाडीवानानं हात जोडले. मग त्याच्या शेजारच्यानं. मग सगळ्या चौकानं.

सगुणाबाईनं तांब्यातलं पाणी जपून परत कारंज्यात ओतलं आणि आपल्या पदरानं म्हातारीचे धुळीचे पाय पुसले.

मग पंगत बसली. वाडीच्या माणसांना शहरानं वाढलं. कारंजी घासणाऱ्या बायका हौसाच्या शेजारी बसल्या आणि थोड्या वेळानं त्यांच्यात अशा गप्पा रंगल्या, की वाढणाऱ्यांना त्यांच्यासाठी थांबावं लागलं. सुभेदारांच्या रिकाम्या पाटावर वाटेनं चाललेला एक अनोळखी वाटसरू येऊन बसला. त्यालाही कोणी ऊठ म्हटलं नाही.

सगुणाबाईला राजधानीतली जागा मिळाली नाही. ती पाणी-कचेरीतच राहिली. शहराला अर्धं पाणी पुरेल का, ही भीती फार दिवस टिकली नाही. लोक जपून वापरू लागले आणि ते पुरलं. पुढं एकदा पाऊस दगा देऊन गेला आणि आसपासच्या गावांत पाण्यावरून डोकी फुटली. या शहरातून मात्र त्या उन्हाळ्यात गाड्या भरून माणसं डोंगर चढून गेली, वाडीबरोबर राबली आणि दोघांना पुरेल असं एक मोठं तळं कपारीखाली बांधून आली. आता पाडव्याची पंगत एका वर्षी शहरात बसते आणि दुसऱ्या वर्षी डोंगरावर.

तात्पर्य: आपल्या आनंदाला कोणाला बोलवायचं हे ठरवण्याआधी, आपण आजवर कोणाचं खात-पीत आलो ते शोधावं, आणि ती माणसं सापडली, की त्यांना हुकूम घेऊन नव्हे, अक्षता घेऊन भेटावं.